डोळ्यांतलं अंतर आणि फिल्मची रुंदी: स्टीरिओ कॅमेऱ्यांची पार्श्वभूमी

ठाण्यात नौपाडा-पाचपाखाडीकडच्या जुन्या घरांत माळा आवरताना अजूनही एखादा व्ह्यूमास्टर, म्हणजे डोळ्यांना लावून चकतीतली चित्रं बघायचं खेळणं, निघतो, बहुधा पटेल इंडियाचा. चकतीत १४ स्लाइड, म्हणजे ७ जोड्या: प्रत्येक डोळ्याला एकेक चित्र. यालाच स्टीरिओ म्हणतात. नखाएवढ्या चित्राला आलेली ती खोली, तो उठाव बघून फिल्मवरच्या स्टीरिओ कॅमेऱ्याकडे वळलेल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: फिल्म कोणत्या आकाराची घ्यावी?

एरवीच्या फोटोग्राफीत उत्तर सोपं आहे, जेवढी मोठी तेवढी बरी. स्टीरिओत मात्र आपले डोळे आडवे येतात. त्यांच्यात सरासरी ६३ ते ६५ मिलिमीटर अंतर असतं आणि कॅमेऱ्याची दोन भिंगंही साधारण तेवढ्याच अंतरावर हवीत. मग शेजारी-शेजारी बसणारं प्रत्येक चित्र त्याहून रुंद होणार कसं? या कॅमेऱ्यांचा बराचसा इतिहास म्हणजे या जागेची ओढाताण आहे.

ब्रिटिश शास्त्रज्ञ व्हीटस्टनने १८३८ मध्ये आरसे लावून हा परिणाम दाखवला तो हाताने काढलेल्या चित्रांवर; फोटोग्राफी जगासमोर आली त्याच्या पुढच्या वर्षी. १८५१ च्या लंडन प्रदर्शनानंतर स्टीरिओस्कोपची, म्हणजे अशा जोड्या बघायच्या उपकरणाची, लाट आली. फ्रान्समध्ये ज्यूल रिशारने १८९० च्या दशकात व्हेरास्कोप काढला, ४५ × १०७ मिमीच्या काचेच्या प्लेटवर चालणारा. पुढे १२० रोल आला, साधारण ६ सेंमी रुंद फिल्मचा. जर्मन रोलायडोस्कोप आणि १९५० च्या दशकातला सोव्हिएत स्पुतनिक एकाच रोलवर ६ × ६ सेंमीच्या जोड्या टिपत. तपशील अप्रतिम, पण रोल सहा जोड्यांत संपतो. शिवाय ७५ मिमीच्या भिंगाचं छिद्र एफ/१६ इतकं बारीक ठेवलं तरी जेमतेम साडेतीन मीटरच्या पुढचंच स्पष्ट येतं, आणि स्टीरिओत पुढची धूसर वस्तू डोळ्याला फार खुपते. स्पुतनिकच्या पोटात प्रकाश परावर्तित होतो ती कटकट वेगळीच. जाणकार आतून काळं मखमल चिकटवतात.

१९४७ मध्ये अमेरिकेत आलेल्या स्टीरिओ रिअलिस्टने ३५ मिमी फिल्म घेतली आणि चित्र फिल्मच्या कडेच्या पाच छिद्रांएवढं रुंद, जवळपास चौरस केलं. नेहमीची फ्रेम आठ छिद्रांची असते. खरी करामत पुढे आहे. दोन भिंगं ७० मिमी अंतरावर असल्याने डाव्या-उजव्या चित्रांमध्ये दोन फ्रेमची जागा उरते, आणि दर फोटोला फिल्म दहा छिद्रं सरकते. धुतलेली पट्टी खिडकीशी धरली की क्रम असा दिसतो: पहिल्याचं एक चित्र, एक कोरी फ्रेम, दुसऱ्याचं एक, मग पहिल्याचा जोडीदार, तिसऱ्याचं एक, दुसऱ्याचा जोडीदार. सुरुवातीची आणि शेवटची अशी एकेक फ्रेम सोडली तर फिल्म वाया जात नाही, ३६ च्या रोलवर २८-२९ जोड्या निघतात. म्हणूनच रोल धुवायला टाकताना ‘कापू नका’ असं बजावावं लागतं. नेहमीच्या मापाने कात्री चालवली की चित्रंच मधोमध दुभंगतात. यातलं ३५ मिमीचं भिंग एफ/१६ ला सव्वा मीटरपासून पुढचं सगळं धरतं. माझ्या मते हाच सर्वांत शहाणा तोडगा.

युरोपीय कॅमेऱ्यांनी सात छिद्रांची, २४ × ३० मिमीची फ्रेम पसंत केली. चित्र मोठं, जोड्या २१ च्या आसपास. उलट टोकाला व्ह्यूमास्टरचा १९५२ चा पर्सनल कॅमेरा: फिल्म एकदा जाताना, एकदा परतताना वापरून ६९ जोड्या! चित्र इतकं लहान की फिल्मचे दाणे मात्र दिसतातच. १९८० च्या दशकातल्या निम्सलो कॅमेऱ्याला चार भिंगं होती, पण तो डोळ्यांना उपकरण न लावता बघायच्या, बारीक उभ्या भिंगपट्ट्यांच्या प्रिंटसाठी.

हे सगळे कॅमेरे दोनेक मीटरवरच्या माणसांना, फार तर ठाण्यातल्या तलावपाळीच्या कट्ट्याला बरे. खोली नीट उठायची तर भिंगांतलं अंतर सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराच्या तिसाव्या भागाएवढं असावं, असा ढोबळ हिशेब आहे. नेरुळच्या पाणथळीत शंभर मीटरवर फ्लेमिंगो उभे असतील तर भिंगांतलं अंतर तीन मीटरच्या वर जातं, तिथे रिअलिस्टमधून सपाट पडदाच दिसणार. एकच कॅमेरा सरकवून दोन फोटो काढावेत, तर पक्षी थांबत नाहीत. येऊरचे डोंगर थांबतात, पण पुढ्यात उपवन तलावाचं हलतं पाणी आलं की तीच गत. अशा वेळी दोन सारखे कॅमेरे दूर ठेवून शटर एकदम दाबायचं. मग फ्रेमच्या रुंदीचं बंधन उरत नाही. ३५ मिमीची पूर्ण फ्रेम घ्या की ६ × ९ सेंमीची, खर्च तेवढा दुप्पट.