आतड्याचा दाह, कर्करोग आणि संदेशवाहक विकरे
मोठ्या आतड्याच्या अस्तराला जखम झाली की तिथल्या पेशींना निरोप जातो: वाढा, मरू नका, जखम भरा. हा निरोप पेशीच्या आत पुढे सरकवणारी विकरे, म्हणजे एंझाइमे, बहुतेक कायनेज गटातली असतात. ती प्रथिनांवर फॉस्फेट बसवतात. काम दुरुस्तीचेच असते. पण अल्सरेटिव्ह कोलायटिस, म्हणजे मोठ्या आतड्याला सूज आणि व्रण आणणाऱ्या आजारात, दाह वर्षानुवर्षे धुमसत राहिला, तर निरोप थांबतच नाही.

यातले एक महत्त्वाचे विकर आयकेके-बीटा. एरवी एनएफ-कप्पा-बी या जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला आयकप्पाबी हे दुसरे प्रथिन केंद्रकाबाहेर अडवून ठेवते. आयकेके-बीटाने आयकप्पाबीवर फॉस्फेट बसवले की पेशी ते मोडून टाकते. मोकळे झालेले एनएफ-कप्पा-बी केंद्रकात शिरून इंटरल्यूकिन-6 हे दाहाचे निरोप नेणारे प्रथिन, कॉक्स-2 हे विकर आणि पेशीमृत्यू टाळणाऱ्या प्रथिनांची जनुके चालू करते. पुढे इंटरल्यूकिन-6 जॅक विकरांमार्फत स्टॅट-3 या पेशीवाढीची जनुके चालू करणाऱ्या प्रथिनाला जागे करते. कॉक्स-2 मुळे प्रोस्टाग्लँडिन ई-2 हे दाहाचे रसायन वाढते. बिघडलेली पेशी मरायला हवी, ती जगते आणि तिच्यातून कर्करोगाची गाठ होऊ शकते.

ग्रेटेन, कॅरिन आणि सहकारी या संशोधकांनी 2004 मध्ये उंदरांच्या अस्तरपेशींतून आयकेके-बीटा काढून टाकले. दाह कमी झाला नाही, गाठी मात्र सुमारे 80 टक्क्यांनी घटल्या. मायलॉइड, म्हणजे दाहात भाग घेणाऱ्या काही पांढऱ्या रक्तपेशींतून काढल्यावर गाठींचा आकार लहान झाला. एकच विकर दोन ठिकाणी दोन वेगळी कामे करते, हे या प्रयोगाचे खरे मोल. अशा प्रयोगांत उंदरांना अ‍ॅझॉक्सिमेथेन या कर्करोगकारक रसायनाचे एक इंजेक्शन, सहसा किलोमागे 10 मिलिग्रॅम, देतात. मग पिण्याच्या पाण्यात 2 ते 2.5 टक्के डीएसएस (आतड्याला दाह आणणारे रसायन) 5 ते 7 दिवस आणि साधे पाणी 14 दिवस, अशा तीन फेऱ्या होतात. डीएसएस जास्त झाले तर गाठी येण्याआधीच उंदीर दगावतात. कमी पडले तर दाह पुरेसा होत नाही.

जॅक विकरे अडवणारे टोफासिटिनिब हे औषध कोलायटिसवर वापरतात. कॉक्स विकरे अडवणारी वेदनाशामके (उदा. आयबुप्रोफेन) मात्र कोलायटिस उफाळवू शकतात. ती मनाने घेऊ नयेत.

बडोद्यात, दांडिया बाजार-रावपुऱ्याच्या मराठी घरांतही, शौचातून रक्त आणि आव पडली की मूळव्याध समजून महिने काढणारे असतात. कोलायटिस पसरलेला असेल, तर लक्षणे सुरू झाल्यापासून साधारण 8 वर्षांनी कर्करोगासाठी तपासणीची कोलोनोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीने मोठे आतडे पाहणे, हवी; पित्तनलिकांचा पीएससी हा आजार सोबत असेल तर निदानापासूनच दरवर्षी. म्हणून सर सयाजीराव रुग्णालयात जा किंवा खाजगी पोटविकारतज्ज्ञाकडे, पहिल्यांदा रक्त दिसले ते वर्ष कागदावर लिहून न्यावे. 8 वर्षे तिथपासून मोजतात, निदानाच्या तारखेपासून नाही.