मल्लखांबातील हाडे, स्नायू आणि सांधे

मल्लखांब हा पुरलेल्या वा टांगत्या लाकडी खांबावर किंवा दोरीवर केला जाणारा व्यायामप्रकार. मुंबईत त्याचे नाव काढले की दादरच्या शिवाजी पार्कवरील श्री समर्थ व्यायाम मंदिर आठवते. पहिली जागतिक मल्लखांब स्पर्धाही २०१९ मध्ये शिवाजी पार्कवरच झाली. शरीराची यंत्रणा पाहायला हा आखाडा पुस्तकातल्या आकृतीपेक्षा बरा, कारण मुलाच्या उघड्या अंगावर कोणता स्नायू कधी आखडला ते दिसते.

प्रौढ माणसाच्या शरीरात साधारण २०६ हाडे आणि सहाशेहून अधिक हाडांना जोडलेले स्नायू असतात. स्नायूला फक्त ओढता येते, ढकलता येत नाही. म्हणून ते जोडीने असतात: कोपर वाकवताना दंडाचा पुढचा स्नायू आखडतो, मागचा सैलावतो, हात ताणताना उलट. पुढच्या स्नायूची कंडरा, म्हणजे त्याला हाडाशी जोडणारा चिवट दोर, कोपरापासून जेमतेम चार-पाच सेंटिमीटरवर हाडाला चिकटलेली, आणि हातातली पिशवी मात्र कोपरापासून तीसेक सेंटिमीटरवर. त्यामुळे स्नायूला ओझ्याच्या सहा-सात पट जोर लावावा लागतो. व्यवहार तोट्याचा वाटतो, पण स्नायू जरासा आखडला की पंजा लांबवर फिरतो, हा त्यातला नफा.

स्नायू आपली दोन्ही टोके ओढतो. हलते ते मोकळे टोक. चालताना धड स्थिर आणि मांडी हलते. अढी मारली, म्हणजे पायांनी खांबाला विळखा घातला, की हे उलटते. डोके खाली, खांब मांड्यांत आवळलेला. मांडीची आतली बाजू जघनास्थीला, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाला, जोडणारे स्नायू तसूभर न हलता ताणून राहतात. हालचाल नसली तरी काम चालूच असते, म्हणून मांड्या थरथरतात. आता पाय खिळलेले आणि धड मोकळे: पोटाचे व खुब्याचे स्नायू धडालाच वर खेचतात. खुबा हा उखळीचा सांधा असल्याने धड बाजूलाही वळते. बिजागरीसारख्या गुडघ्याला ते जमत नाही, तिथे पीळ पडला तर हाडाला हाड बांधणारे अस्थिबंध दुखावतात.

खांबावरून उडी मारून जमिनीवर टेकताना मांडीचा पुढचा स्नायू जोर लावत असतानाच लांबतो आणि ब्रेकचे काम करतो. नवख्याला त्याचा पत्ता दुसऱ्या दिवशी मांड्या दुखल्या की लागतो, दादरच्या पुलावर. चढताना नव्हे, उतरताना.