हातचा एक कुठे जातो?

सदतीस अधिक अठ्ठावीस. सात आणि आठ पंधरा, पाच लिहायचे, हातचा एक. पुढची बेरीज होईपर्यंत हा एक डोक्यात धरून ठेवायचं काम मेंदूच्या कपाळामागच्या भागाकडे असतं. मूल सतत धास्तावलेलं असलं की नेमकं हेच काम बिघडतं.

भीती वाटली की मेंदू मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींना निरोप धाडतो आणि रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक वाढतं. अंगात पळायचं बळ येतं, धोका टळला की ते उतरतं. पण युद्धामुळे घर सुटून निर्वासितांच्या छावणीत आलेल्या मुलाचा धोका टळतच नाही. महिनोन्‌महिने असंच चाललं तर नव्या आठवणी पक्क्या करणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागालाही झळ पोचू शकते. त्यात झोपमोड, आणि शिकलेलं मुरतं ते झोपेतच. अशा मुलाला ‘ढ’ ठरवणं हा सरळ अन्याय आहे.

युद्ध, हिंसा आणि छळामुळे घर सोडावं लागलेले लोक २०२४च्या अखेरीस जगात १२ कोटींवर होते, त्यात साधारण ४० टक्के मुलं. त्यांच्यासोबत काम करणाऱ्यांनी एक गोष्ट धडा म्हणून घेतली आहे: काय काय झालं ते मुलाला खोदून विचारायचं नाही. एकाच बैठकीत सगळं बोलतं करायची पद्धत उपयोगी ठरली नाही. उपयोगी पडतं ते साधंच. रोज ठरल्या वेळी भरणारा वर्ग, तेच शिक्षक, खेळ आणि कळणारी भाषा.

आणि जवळचं माणूस. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत असताना अ‍ॅना फ्रॉइड आणि डोरोथी बर्लिंगहॅम या बालमनोविश्लेषक तिथल्याच हॅम्पस्टेड भागात लहान मुलांसाठी पाळणाघरं चालवत होत्या. त्यांना दिसलं, की आईजवळ राहिलेलं मूल बॉम्बहल्ल्यातूनही बऱ्यापैकी सावरतं, आईपासून तुटलेलं मूल जास्त खचतं. पुढे कॉर्टिसॉल मोजता येऊ लागलं, तेव्हा विश्वासाचं माणूस शेजारी असताना लहान मुलांमध्ये ते कमी चढतं, असंही आढळलं.

बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात, तेव्हा मला हे संशोधन फार जवळचं वाटतं. ऊसतोड कामगार निर्वासित नव्हेत. १९५१च्या आंतरराष्ट्रीय निर्वासित करारानुसार निर्वासित म्हणजे छळाच्या भीतीनं देशाबाहेर पडलेला माणूस; आपली माणसं हंगाम संपला की परततात. पण मुलाचं जे मोडतं ते तेच: शाळा, झोप, दिवसाची घडी. रात्री दोनला गाडी भरायला ट्रॅक्टर आला की आई-बाप उठतात. कोपीला, म्हणजे तळावरच्या त्यांच्या झोपडीला, दार म्हणून जुन्या लुगड्याचा पडदा. आत आठ वर्षांची पोरगी तान्ह्या भावाला मांडीवर घेऊन जागी. दिवस उजाडल्यावरही भाऊ तिच्याकडेच. तळ कर्नाटकात असेल तर जवळच्या शाळेत फळ्यावर कन्नड.

म्हणून हंगामी वसतिगृहाची कल्पना मला मोलाची वाटते. मूल गावातच आजी-आजोबांजवळ राहतं, आपल्याच शाळेत जातं, दोन्ही वेळचं जेवण मिळतं. भाषा, बाई, सवंगडी, काहीच बदलत नाही. आई पाच-सहा महिने दूर, हा घाव मात्र उरतोच. संध्याकाळी ठरल्या वेळी येणाऱ्या तिच्या फोनला म्हणूनच जेवणाइतकं महत्त्व द्यायला हवं. अगदी लहानग्यांचं गणित वेगळं. ती आईबरोबरच जावीत आणि त्यांच्यासाठी तळावर अंगणवाडी असावी, असं माझं ठाम मत आहे. कोपीतल्या त्या पोरीचीही सुटका त्यातूनच होईल.

हे वेळेत जमवणं अवघड नाही. उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, बहुतेकदा पावसाळ्यातच घेतलेली असते, त्यामुळे कोणतं घर जाणार हे टोळी नेणाऱ्या मुकादमाला पोळ्याच्या सुमारास ठाऊक असतं. शाळेनंही यादी तेव्हाच करावी आणि टोळी हलायच्या निदान आठवडाभर आधी, आई गावात असतानाच, वसतिगृह सुरू करावं. स्वयंपाकाच्या मावशी, जेवणाची वेळ आणि संध्याकाळचा अभ्यास तोवर मुलाच्या ओळखीचे होतात.