लेथवर आटे पाडणे

लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या मशीनवर, फिरणाऱ्या जॉबवर (कापायच्या तुकड्यावर) टोकदार टूलने ठरावीक पिचची (शेजारच्या दोन आट्यांमधल्या अंतराची) सर्पिल खाच पाडायचं काम. बोल्ट, पंपाचा शाफ्ट, बंदुकीची नळी, आटे सगळीकडेच लागतात. एकेरी (एकच खाच असलेल्या) आट्यात जॉबचा एक फेरा होईपर्यंत टूल बरोबर एक पिच सरकलं पाहिजे, आणि नुसत्या हाताने ते दर वेळी सारखं येत नाही म्हणून टूल सरकवणारा लांब लीड स्क्रू आणि त्याचा वेग जॉब फिरवणाऱ्या स्पिंडलशी जुळवणारे चेंज गिअर.

अशा लेथचा शोध कुणाचा यावर वाद आहे. इंग्रजी पुस्तकं बहुतेक हेन्री मॉडस्लेचं नाव घेतात, लंडन, साधारण 1797 ते 1800. पण जर्मनीतल्या वोल्फेग हस्तलिखितात, म्हणजे अंदाजे 1480 च्या आसपास, आटे पाडायच्या लेथचं चित्र आहे, लिओनार्दोची रेखाटनं आहेत, जेसी रॅम्सडेनने 1770 च्या दशकात असा लेथ वापरला, फ्रान्समध्ये सेनोचा 1795 चा लेथ आहे आणि अमेरिकेत डेव्हिड विल्किन्सनला 1798 मध्ये पेटंट मिळालं, वर 1848 मध्ये तिथल्या काँग्रेसने त्याला 10,000 डॉलर दिले. त्यामुळे मॉडस्लेला पहिला म्हणणं जरा जास्तच होतं. स्लाइड रेस्ट (टूल धरून सरकवणारा भाग), लीड स्क्रू आणि बदलते गिअर एका दणकट लोखंडी मशीनवर बसवून ते रोजच्या कामात आणलं, हे श्रेय त्याचं, असं मानणाऱ्यांचं म्हणणं जास्त पटतं. त्याच्याच हाताखाली काम केलेल्या व्हिटवर्थने 1841 मध्ये 55 अंश कोनाच्या खाचेचा आटा सुचवला, 1864 मध्ये अमेरिकेत सेलर्सने 60 अंशांचा, आणि आजचे मेट्रिक आटे 60 चेच.

गिअरचा हिशोब सोपा आहे. लीड स्क्रू 6 मिमी पिचचा आणि आटा 1.5 मिमीचा हवा तर प्रमाण 1:4, म्हणजे स्पिंडलकडे 20 दात, लीड स्क्रूला 80, मधला आयडलर नुसता अंतर भरतो. 6 ला 1.5 ने पूर्ण भाग जातो, म्हणून हाफ नट (टूलला लीड स्क्रूशी जोडणारा, उघडता येणारा नट) कुठेही टाका, टूल जुन्याच खाचेत येतं. 1.75 ला तसं होत नाही, तिथे हाफ नट न सोडता टूल बाहेर काढून मशीन उलटं फिरवत मागे आणायचं, नाहीतर दुसऱ्या पासला (फेरीला) आधी पाडलेला आटाच कापला जातो आणि जॉब भंगारात. इंची लीड स्क्रूवर मेट्रिक आटे पाडायला 127 दातांचं गिअर लागतं, कारण 25.4 ला 5 ने गुणलं की 127.

भारतात हरिहरच्या म्हैसूर किर्लोस्करने 1941 पासून लेथ बनवले.