मुंडकं नसलेला माणूस आणि दोन साडू

हात पसरून, पाय फाकवून उभा असलेला एक नागडा माणूस, मानेवर डोकंच नाही. उजव्या हातात पेटतं हृदय, डाव्या हातात खंजीर, स्तनाग्रांच्या जागी दोन चांदण्या, पोट उघडं आणि आत आतड्यांचा भुलभुलैया, आणि जिथे लाज झाकायची तिथे कवटी. फ्रेंच चित्रकार आंद्रे मासोंचं १९३६ मधलं हे रेखाटन बघून बरेच जण सैतानपूजा वगैरे म्हणून मोकळे होतात. पण यातली एकेक गोष्ट कुठून आली ते शोधायला गेलं तर सैतान कुठेच भेटत नाही, भेटतात ते दोन साडू.

साडू म्हणजे खरेच साडू हां. मासोंची बायको रोझ आणि फ्रेंच लेखक जॉर्ज बातायची बायको सिल्व्हिया सख्ख्या बहिणी (सिल्व्हियाचं नवऱ्याशी तोवर बिनसलं होतं, पण साडूंची दोस्ती पक्की). दोघांना जोडणारं आणखी एक म्हणजे आंद्रे ब्रेतों, सर्रिअलिझमचा (स्वप्नं आणि अबोध मनातून कला काढू पाहणाऱ्या चळवळीचा) सर्वेसर्वा. चळवळीच्या १९२९ च्या दुसऱ्या जाहीरनाम्यात त्याने ज्यांना धू धू धुतलं त्यात हे दोघंही होते.

मासों पहिल्या महायुद्धात फ्रेंच सैन्यात होता, १९१७ मध्ये फ्रान्समधल्या शमँ द दामच्या आघाडीवर छातीत जबर जखम होऊन तो जवळजवळ मेलाच होता, त्यामुळे त्याच्या चित्रात फाटलेली शरीरं दिसतात ती नुसती फॅशन म्हणून नाहीत. पुढे विचार न करता हात सोडून रेघ मारत जायची आणि मग तिच्यातून काय निघतं ते बघायचं, ही 'ऑटोमॅटिक' रेखाटनाची पद्धत त्याने १९२४ च्या सुमारास धरली. बाताय मात्र पेशाने ग्रंथपाल, पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयातल्या नाणी-पदकं विभागात होता. तिथल्या जुन्या नॉस्टिक (ख्रिस्ती धर्माच्या सुरुवातीच्या काळातल्या गूढवादी पंथांच्या) मुद्रांवर डोकं नसलेला एक देव कोरलेला आहे, त्यावर बातायने १९३० मध्ये लिहिलंसुद्धा. म्हणजे डोकं उडवायची आयडिया चित्राच्या सहा वर्षं आधीच त्याच्या डोक्यात होती :)

१९३४ मध्ये पॅरिसात दंगली झाल्या आणि त्याच वर्षी मासों स्पेनमधल्या तोसा द मार या मच्छीमारांच्या गावी राहायला गेला. एप्रिल १९३६ मध्ये बाताय तिथे पोचला, डोक्यात नवीन मासिक, नाव 'आसेफाल', मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ डोकं नसलेला. त्याने स्वतःच लिहून ठेवलंय की घर थंडगार होतं, रात्री कुत्रं भुंकलं, शेजारच्या स्वयंपाकघरात मासों गाणं म्हणत वावरत होता आणि ग्रामोफोनवर मोत्झार्टच्या 'डॉन जोव्हानी' या ऑपेराची सुरुवात लागली होती.

चित्र कसं झालं ते मासोंने नंतर सांगितलंय आणि मला तोच भाग सगळ्यात भारी वाटतो. मुंडकं तर काढलं, पण आता ते ठेवायचं कुठे? हात आपोआप खाली गेला आणि जननेंद्रियाच्या जागी कवटी आली. जन्म आणि मरण एकाच ठिकाणी, एवढं नेमकं प्रतीक कुणी ठरवून काढलं असतं तर कृत्रिम वाटलं असतं. पेटतं हृदय बघून वसई-गोव्यातल्या घरांमधली येशूच्या पवित्र हृदयाची तसबीर आठवेल, आणि ते बरोबरच आहे, उचललंय तिथूनच, फक्त मासोंच्या म्हणण्याप्रमाणे हे हृदय येशूचं नाही, डायोनिसस या मद्याच्या देवाचं. पोटातला भुलभुलैया ग्रीक पुराणातला, बैलाच्या डोक्याचा राक्षस मिनोटॉर ज्यात कोंडलेला होता तो. उभं राहायची पोझ लिओनार्दोच्या त्या वर्तुळातल्या माणसासारखी, पण इथे डोकंच शिल्लक नाही.

आणि १९३६ मध्ये डोकं नाही म्हणजे नेता नाही. हिटलर, मुसोलिनी दोघंही सत्तेवर होते, सगळीकडे एका डोक्यामागे लाखो धडं चाललेली. पहिला अंक जूनमध्ये निघाला, मुखपृष्ठावर हाच माणूस, आणि जानेवारी १९३७ चा दुसरा अंक तर नाझींनी पळवलेला जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे सोडवून आणायला काढलेला.

याच नावाने बातायने एक गुप्त मंडळही काढलं. फ्रान्सचा राजा १६ वा लुई याचं मुंडकं जिथे उडवलं त्या पॅरिसच्या कॉंकॉर्ड चौकात २१ जानेवारीला त्याची आठवण काढायची, पॅरिसजवळच्या मार्लीच्या जंगलात वीज पडलेल्या ओकच्या झाडाखाली रात्री गुपचूप जमायचं असले प्रकार. हे मला जरा पोरकटच वाटतं, चित्राची ताकद त्यात नाही. मासिकाचा शेवटचा अंक जून १९३९ चा, आणि सप्टेंबरात युद्ध सुरू झालं.