ब्रिटनचा स्टुडंट व्हिसा: पैसे असूनही अर्ज का नाकारला जातो?

2024 मध्ये कॅनडाने स्टडी परमिटवर मर्यादा घातली आणि सांगली, तासगाव, विट्याकडच्या घरांतून ब्रिटनची चौकशी वाढली. इंग्रजीची परीक्षा, टीबीची तपासणी, विद्यापीठाचं सीएएस (प्रवेश निश्चित केल्याचा दाखला), ऑनलाइन अर्ज हे सगळं पार पडतं. गाडी अडते पैशाच्या कागदांवर.

पहिल्या वर्षाची उरलेली फी आणि जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा राहण्याचा खर्च, एवढी रक्कम खात्यात सलग 28 दिवस हवी. मध्ये एक दिवस जरी शिल्लक त्याखाली गेली, तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून. उसाचं बिल जमा झालं आणि आठवड्यात बागेच्या औषधांना त्यातलेच काढले, असं करू नका. या 28 दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेआधी 31 दिवसांच्या आतला हवा. जुनं स्टेटमेंट जोडणारे इथेच अडकतात.

आपल्याकडे ठेव पतसंस्थेत असते. पतसंस्थेवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण नसतं, त्यामुळे तिच्या दाखल्यावर विसंबू नका. रक्कम वेळेत राष्ट्रीयीकृत बँकेत आणा. 28 दिवस तिथून धरा. सातबारा, सोन्याचं मूल्यांकन, सीएचं नेटवर्थ सर्टिफिकेट यांतलं काहीही रोख रक्कम म्हणून धरत नाहीत. तरीही काही एजंट हजारो रुपये घेऊन हे कागद करायला लावतात, याची चीड येते.

खातं स्वतःचं, आईवडिलांचं किंवा कायदेशीर पालकाचं हवं. काका, मामा, आजोबांचं चालत नाही, मग ते कितीही मनापासून देत असोत. वडिलांचं खातं असेल तर त्यांचं संमतीपत्र आणि मुलाचा जन्मदाखला लागतो. आधार, रेशनकार्ड, शाळा सोडल्याचा दाखला त्याची जागा घेत नाहीत. अनेक जन्मदाखल्यांवर बाळाच्या नावाचा रकाना कोराच असतो, नाहीतर वडिलांच्या नावाचं स्पेलिंग पासपोर्टशी जुळत नाही. ही दुरुस्ती जिथे जन्माची नोंद झाली तिथेच होते आणि तिथे ‘साहेब मीटिंगला गेलेत, उद्या या’ हे उत्तर ठरलेलं. मुलांचे यात आठवडे जातात. म्हणून विद्यापीठाला अर्ज कराल त्याच आठवड्यात जन्मदाखला काढून बघा. मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा.

शैक्षणिक कर्ज असेल तर मंजुरीपत्र विद्यार्थ्याच्या नावाचं आणि सहा महिन्यांच्या आतलं हवं. लग्न झालेल्यांसाठी एक गोष्ट: जानेवारी 2024 पासून नेहमीच्या एमए, एमएस्सी, एमबीएसाठी जोडीदाराला सोबत नेता येत नाही.