साथीच्या वर्षात (२०२०-२१) अमेरिकेतल्या कॉलेजचा अर्ज : पात्रता, कागदपत्रं आणि लिहून सांगायच्या गोष्टी

अमेरिकेत २०२०-२१ मध्ये बारावीला असलेल्या मुलांची पंचाईत अशी होती, की कॉलेजं ज्या अकरावीकडे सगळ्यात बारकाईनं बघतात तीच अर्धवट झाली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, अनेक शाळांनी त्या सत्राला ग्रेड न देता नुसतं ‘पास’ लिहिलं, मे आणि जूनच्या एसएटी (कॉलेजप्रवेशासाठीची चाचणी) रद्द झाल्या, एपीच्या (शाळेत शिकायच्या कॉलेजपातळीच्या विषयांच्या) परीक्षा घरबसल्या ४५ मिनिटांत उरकल्या. आर्थिक मदतीच्या फॉर्मची तऱ्हा निराळी. २०२१-२२ साठीचा हा फॉर्म घरचं २०१९ चं उत्पन्न विचारायचा. म्हणजे २०१९ मध्ये नोकरी शाबूत होती, तेवढंच कॉलेजला दिसायचं.

अशा वर्षात घरावर काय गुदरलं ते अर्जात आणि फॉर्ममध्ये, दोन्हीकडे आपोआप येत नाही. ते आपण लिहून घालायचं असतं, आणि त्यासाठी ठरलेल्या जागा आहेत. ‘लोकांपुढे रडगाणं कशाला’ म्हणून आपली घरं नेमक्या याच जागा कोऱ्या सोडतात. तसं करू नका. समोरचा माणूस हजारो अर्ज वाचतो. न लिहिलेलं त्याला कळायला मार्ग नाही.

एसएटी-एसीटी द्यायलाच हवी का?

त्या वर्षी बहुतेक ठिकाणी नको होती. दीड हजाराहून जास्त चार वर्षांच्या कॉलेजांनी २०२०-२१ मध्ये गुण ऐच्छिक केले होते. आयव्ही लीग या नामवंत गटातली आठही विद्यापीठं त्यात आली. कॅलटेक आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी यांनी तर तेव्हा प्रवेश देताना गुण बघायचेच नाहीत असं ठरवलं होतं. ‘ऐच्छिक’ आणि ‘बघणारच नाही’ यांत फरक आहे. पहिल्या प्रकारात चांगले गुण असतील तर पाठवावेत, दुसऱ्यात पाठवून उपयोग नाही.

गुण न पाठवणाऱ्याला मागे टाकणार नाही, असं कॉलेजांच्या प्रवेश अधिकाऱ्यांनी तेव्हा जाहीरपणे सांगितलं होतं. त्यामुळे जवळचं केंद्र बंद म्हणून मुलाला गाडीत घालून दुसऱ्या राज्यातलं केंद्र गाठायची धडपड मला तरी पटत नव्हती. अपवाद दोन. फ्लोरिडाची सरकारी विद्यापीठं तेव्हाही गुण मागत होती. आणि काही कॉलेजं प्रवेशाला गुण मागत नसली तरी गुणवत्ता शिष्यवृत्तीला मागतात. म्हणून शिष्यवृत्तीचं पान वेगळं उघडून बघा.

कॉमन अ‍ॅप

९०० हून जास्त कॉलेजं हा एकच अर्ज घेतात आणि एका खात्यातून २० कॉलेजांना अर्ज करता येतो. यात ६५० शब्दांचा मुख्य निबंध आणि जास्तीत जास्त दहा उपक्रम भरायचे असतात. प्रत्येक उपक्रमाच्या वर्णनाला १५० अक्षरं मिळतात.

त्या वर्षीची नवी गोष्ट ‘अतिरिक्त माहिती’ या भागात होती. कोविडमुळे तुमच्यावर काय परिणाम झाला, हा प्रश्न तिथे घातला होता. उत्तराला २५० शब्द मिळायचे आणि प्रश्न ऐच्छिक होता. हा दुसरा निबंध नव्हता. इथे भाषेचं सौंदर्य कोणी मोजत नव्हतं, माहिती हवी होती. ‘या काळानं मला जीवनाचं मोल शिकवलं’ या वाक्यातून वाचणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही. आता हे वाचा : ‘एप्रिल ते जून घरात एकच लॅपटॉप होता. सकाळी तो धाकट्या बहिणीच्या वर्गाला लागायचा, म्हणून केमिस्ट्रीचे तास मी फोनवर केले. वडिलांचं काम मे महिन्यात सुटलं. जूनपासून मी आठवड्याला पंधरा तास किराणा दुकानात काम करतो.’ चारच वाक्यं आहेत, पण घसरलेला ग्रेड, रिकामी उन्हाळी सुट्टी आणि पैशाची ओढाताण या तिन्हींचा उलगडा त्यांत झाला.

शाळेनं ग्रेड दिले नाहीत, वर्ग ऑनलाइन झाले, हे मुलानं लिहायची गरज नव्हती. शाळेनं काय केलं ते सांगायला शाळेतल्या समुपदेशकाला ५०० शब्दांची वेगळी जागा होती. मुलाचे २५० शब्द घरासाठी राखून ठेवायचे. आणि घरात खरोखर फारसं काही बिघडलं नसेल, तर ही जागा बिनधास्त कोरी सोडायची. ओढूनताणून लिहिलेलं लगेच ओळखू येतं.

उपक्रमांच्या रकान्यात रद्द झालेल्या स्पर्धांचं काय लिहायचं, ही चिंता बऱ्याच पालकांना होती. जून २०२० मध्ये हार्वर्डच्या शिक्षण विभागातल्या ‘मेकिंग केअरिंग कॉमन’ या प्रकल्पानं एक निवेदन काढलं आणि ३०० हून जास्त प्रवेशप्रमुखांनी त्यावर सह्या केल्या. या काळात नेहमीसारखे उपक्रम नसले तरी चालेल, घर सांभाळणं आणि कमावून हातभार लावणं यांनाही मोल आहे, असं त्यात म्हटलं आहे. कॉमन अ‍ॅपच्या यादीत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ असा प्रकारच आहे. आजीची औषधं सांभाळणं, भावाचा अभ्यास घेणं हे आठवड्याच्या तासांसकट तिथे भरा.

शाळेकडून काय जायला हवं

गुणपत्रक, शाळेचा अहवाल, समुपदेशकाचं पत्र आणि बऱ्याच कॉलेजांना शिक्षकांची एक-दोन शिफारसपत्रं. पहिलं सत्र संपलं की शाळेकडून मध्य-वर्षाचा अहवाल जातो. त्या वर्षी त्याचं वजन जास्त होतं, कारण मार्चनंतरचे खरे ग्रेड त्यातच पहिल्यांदा दिसणार होते. शिफारस अकरावीच्या शिक्षकांकडून घ्यायची. मार्चपर्यंत त्यांनी मूल वर्गात समोर पाहिलेलं होतं. शाळेच्या कॉरिडॉरमध्ये गाठ पडण्याची सोय तेव्हा उरली नव्हती, म्हणून ईमेलवर विनंती करायची, त्यात शेवटची तारीख लिहायची आणि महिनाभराचा तरी अवधी द्यायचा.

अर्जाची फी जड जात असेल तर माफी मिळते. शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळण्याइतकं घरचं उत्पन्न घटलं असेल, तर कॉमन अ‍ॅपमध्ये तसं नोंदवा. समुपदेशक दुजोरा देतात. नोकरी गेल्यामुळे पहिल्यांदाच पात्र ठरलेल्या घरांनी यात मुळीच संकोच करू नये.

फॅफ्सा : पात्र कोण, कागद कोणते

सरकारी मदतीचा हा फॉर्म साधारण १ ऑक्टोबरला खुला होतो आणि तो भरायला पैसे लागत नाहीत. कोणी पैसे मागितले तर ती साइट खरी नव्हे.

आपल्या घरांत सगळ्यात जास्त घोळ पात्रतेवरून होतो. मूल अमेरिकन नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असेल तर ते पात्र. आईवडील एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असले तरी इथे जन्मलेलं मूल पात्रच राहतं. पालकांचा व्हिसा हा फॉर्म विचारत नाही. २०२१-२२ च्या फॉर्मवर आईकडे सोशल सिक्युरिटी नंबर (सरकारी ओळख क्रमांक) नसेल तर त्या रकान्यात सगळे शून्य भरायचे असत. ऑनलाइन सही करायला मात्र तेव्हा नंबर लागायचा, म्हणून नंबर असलेल्या पालकानं सही करायची. दोघांकडेही नसेल तर सहीचा कागद छापून टपालानं पाठवावा लागायचा. मूल स्वतः एच-४ वर (एच-१बीवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) असेल तर सरकारी मदत मिळत नाही. अशा मुलांनी खाजगी कॉलेजांच्या स्वतःच्या निधीची चौकशी करावी. त्यासाठी बहुधा सीएसएस प्रोफाइल हा वेगळा फॉर्म भरावा लागतो. पहिल्या कॉलेजला २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकाला १६ डॉलर पडतात, फीमाफी यालाही आहे. सरकारी विद्यापीठांत राज्यातल्या रहिवाशाची फी लागू होते का, याचे नियम राज्यागणिक वेगळे असतात.

२०२१-२२ चा फॅफ्सा भरायला बसताना विद्यार्थी आणि एक पालक यांचे वेगवेगळे एफएसए आयडी (लॉगिन आणि सही करायची खाती), दोघांचे सोशल सिक्युरिटी नंबर, २०१९ चा टॅक्स रिटर्न, डब्ल्यू-२ (पगाराचं वार्षिक पत्रक) आणि बँकेतली शिल्लक हे सगळं हाताशी ठेवावं लागायचं. शिल्लक फॉर्म भरायच्या दिवशीची धरतात. राहतं घर आणि निवृत्तीची खाती यात मोजत नाहीत. सीएसएस प्रोफाइल मात्र घराबद्दलही विचारतं.

नोकरी २०२० मध्ये गेली असेल तर

२०२१-२२ च्या फॉर्ममध्ये २०१९ चेच आकडे प्रामाणिकपणे भरायचे होते. तिथे आकडा स्वतःहून कमी करायचा नव्हता. फॉर्म गेला की प्रत्येक कॉलेजच्या आर्थिक मदत कार्यालयाला वेगळं पत्र लिहून फेरविचार मागा. बदललेली परिस्थिती लक्षात घेऊन हिशोब बदलण्याचा अधिकार त्यांना कायद्यानं दिलेला आहे. काही कॉलेजं हे पत्र लगेच घेतात, काही प्रवेश मिळाल्यावर, म्हणून आधी विचारून घ्या.

पत्र एक पान पुरे : ‘२०१९ मध्ये आमचं उत्पन्न इतकं होतं. अमुक तारखेला काम गेलं. त्यानंतर बेकारी भत्ता इतका मिळाला. २०२० चं एकूण उत्पन्न अंदाजे इतकं होईल.’ सोबत कामावरून कमी केल्याचं पत्र, भत्त्याचा कागद, शेवटची पगारपावती आणि आजारपणाची बिलं जोडा. पगार कापला गेला किंवा तास कमी झाले, तरीही लिहा. नोकरी पूर्णच गेली पाहिजे असं काही नाही.

यातूनच अर्ली डिसिजनचा, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर अर्ज करण्याचा, प्रश्न निघतो. त्याची मुदत साधारण १ नोव्हेंबरला संपते आणि प्रवेश मिळाला तर तो बांधील असतो. मदतीचा आकडा अगदीच अपुरा आला तर नकार देता येतो, पण चार कॉलेजांचे आकडे शेजारी ठेवून निवडायची मुभा राहत नाही. घरचं उत्पन्न डळमळीत असेल तर मी नियमित फेरीत अर्ज करायला सांगेन. तिची मुदत बहुतेक ठिकाणी १ जानेवारीच्या आसपास असते. कॅलिफोर्निया विद्यापीठाचा अर्ज वेगळा आणि लवकर, साधारण नोव्हेंबरअखेरपर्यंत.

अर्ज गेल्यावर प्रत्येक कॉलेज ईमेलनं पोर्टलची माहिती कळवतं. कुठला कागद पोचला नाही ते तिथे दिसतं, तेव्हा आठवड्यातून एकदा तरी उघडा. जानेवारीनंतर घरात काही मोठं घडलं, कोणी दगावलं किंवा काम सुटलं, तर त्याच पोर्टलवरून किंवा ईमेलनं प्रवेश कार्यालयाला दोन ओळी कळवता येतात.